जो विचारेल त्याला

११ जून

बँकेची डायरी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दर जानेवारीला एक घरी येते, आणि दर वर्षी मी तिच्यात दूधवाल्याच्या दांड्या लिहिते. या वर्षी डॉक्टरांनी काम दिलं. ह्यांचं रोजचं बीपी लिहून ठेवा म्हणाले. तर लिहिलं : सकाळी १५२/९४, संध्याकाळी १४८/९०. एवढ्यानं पान काही भरत नाही आणि मोकळं पान मला बघवत नाही.

ह्यांना झटका येऊन आज एक महिना झाला. उजवं अंग गेलं. बोलणं अगदीच गेलं नाही, पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा येतो. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवणारा, पोरांना एका दमात फैलावर घेणारा माणूस दिवसभरात आता दहा शब्द बोलतो. त्यातले दोन ठरलेले असतात. "कुणी विचारलं?"

पहिल्यांदा मला वाटलं, तब्येतीचं म्हणतात. मी यादी सांगितली : शेजारचे येऊन गेले, शाळेतून फोन आला, इंदूरच्या वन्सं रोज विचारतात. मान हलवली. "पुस्तक," म्हणाले.

म्हणजे 'नावाड्याची बारा वर्षं'. कुठल्याशा बर्फाळ देशातली कादंबरी, लेखकाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. ह्यांनी ती इंग्रजीवरून मराठीत आणली, आणि त्यात अकरा वर्षं घातली. हजार एकशे बारा पानं. दोन वर्षांपूर्वी फ्रीगंजातल्या भय्यासाहेबांच्या प्रेसमधून तीनशे प्रती निघाल्या. निम्म्या आम्ही हातानं वाटल्या, निम्म्या ह्यांच्याच दिवाणाखाली आहेत. माणूस रोज स्वतःच्या पुस्तकांवर झोपतो.

प्रेसला द्यायची सुवाच्य प्रत मी केली, कारण ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौतीस वर्षं बँकेत मी हेच केलं. समोरचं बघायचं, हातानं उतरवायचं, डोकं मधे आणायचं नाही. त्या सवयीनं चौदाशे कागद लिहून काढले, आणि देवाशपथ सांगते, त्यातलं एक पानही वाचलेलं नाही. हे ह्यांना माहीत नाही.

१४ जून

१५०/९२. आज दोनदा विचारलं.

मी ठरवलं. लिहिणाऱ्याला कौतुक लागतं, ते आपण घरपोच आणायचं. पुस्तक वाचलेली माणसं एकेक करून बोलवायची आणि ह्यांच्यासमोर बसवायची. गावात दीडशे प्रती आहेत, दहा तरी माणसं मिळतीलच.

पहिला फोन अंबिकाताईंना. मराठी समाजाच्या अध्यक्ष, प्रकाशनाला चाळीस मिनिटं बोलल्या होत्या. उद्या येते म्हणाल्या.

१५ जून

अंबिकाताई आल्या. मी पोहे केले, कोपऱ्यावरून जिलेबी आणली. ह्यांना भैरवगढच्या छापाची नवी चादर घातली, दाढी केली. नवरदेव बसवला म्हणायला हरकत नाही.

"सर, काय ते पुस्तक! मी तर सगळ्यांना सांगते, एकदम बढिया," अंबिकाताई म्हणाल्या.

"सगळं... वाचलं?"

"सगळं म्हणजे? दोनदा! आणि तो शेवट! आमच्या घरी बोलले मी, ऐसा अंत मैंने आज तक नहीं पढ़ा."

ह्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "काही... विचारायचं?"

"विचारायचं काय त्यात? इतकं क्लिअर लिहिलंय तुम्ही."

ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सरळ पाठ केली पाहुण्यांना. अंबिकाताई समजूतदार, आजाऱ्याचं कुणी मनावर घेत नाही म्हणाल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्यावर मी बोलले ह्यांना. एवढी मोठी बाई उन्हातून आली, दोन गोड शब्द बोलली, तुम्हाला काय खटकलं? जिलेबीला हातही लावला नाही.

२१ जून

१४६/९०. आज अरविंदराव आले. कॉलेजात मराठी शिकवायचे, समाजाच्या स्मरणिकेत ह्यांच्या पुस्तकावर सहा पानांचं परीक्षण लिहिलं होतं. तेही तसंच बोलले, फक्त जास्त अवघड शब्दांत. ह्यांनी तेच दोन प्रश्न विचारले आणि पुन्हा भिंत.

फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा अरविंदरावांनी आवाज खाली केला. "वहिनी, तुम्हाला खरं सांगू का? अकराशे पानं कोण वाचतं हो? पहिली पन्नास, शेवटची दहा, आणि मधे चार ठिकाणी बोट घालून बघायचं. सगळे असंच करतात. आमच्या पूर्ण डिपार्टमेंटमध्ये ह्या असल्या जाड्या कादंबऱ्या शेवटपर्यंत वाचलेला मला तर कुणी मालूम नाही. पण सरांना बरं वाटलं पाहिजे ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा पानं परीक्षण! सत्कारात शाल घेतली होती ह्याच माणसानं. फाटकाची कडी लावताना माझ्या लक्षात आलं की माझं बोट तर त्या चार ठिकाणीही गेलेलं नाही. मग आत येऊन मुकाट्यानं भांडी घासली.

३ जुलै

व्यायाम करून घ्यायला पल्लवी येते. गोड पोरगी, तोंडाला कुलूप नाही. मीच तिला गेल्या महिन्यात एक प्रत दिली होती. आज ह्यांचा हात वरखाली करता करता आपणहून म्हणाली, "सर, सॉरी हं. एकशे ऐंशी पानापर्यंत गेले आणि सोडून दिलं. सगळ्यांची नावं सारखीच वाटतात, कोण कोणाचा काका तेच समजत नाही. मला नाही झेपलं."

मी डोळे वटारले, तोवर बोलून मोकळी. आणि हे हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं.

कौतुक करणाऱ्याला पाठ आणि सोडून देणाऱ्याला आशीर्वाद. आजारात माणसाचं डोकं उलटं चालतं की काय, डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

७ जुलै

आल्हादचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात असतो, दर रविवारी करतो, चुकत नाही. चांगला मुलगा आहे. बाबांशी चार वाक्यं बोलतो आणि फोन माझ्याकडे देतो, हे गेली बावीस वर्षं असंच आहे.

त्याचं कारण लिहून ठेवते, नाहीतरी ही डायरी कोण वाचणार. आल्हादची बारावीची बोर्डाची परीक्षा ह्यांच्याच शाळेत होती. ह्यांची ड्यूटी दुसऱ्या खोलीत, पण कुणीतरी आजारी पडलं आणि ऐनवेळी ह्यांना आल्हादच्या खोलीत उभं केलं. त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. तो म्हणत होता माझी नाही, बाबा, माझी नाही. ह्यांनी सगळ्या वर्गासमोर पेपर काढून घेतला आणि स्वतःच्या हातानं तक्रार लिहून दिली. वर्ष गेलं. तीन महिन्यांनी पुढच्या बाकावरच्या पोरानं कबूल केलं की चिठ्ठी त्याची होती. ह्यांनी ऐकलं, "हं" म्हणाले आणि चहा प्यायले. आल्हादला कधी एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. तोही नाही. पुढच्या वर्षी पास होऊन पुण्याला गेला तो गेलाच.

मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, बाबा पुस्तकाचं विचारतील. आज ह्यांनी फोन स्वतःच्या डाव्या हातात धरला.

"बाबा, पुस्तक वाचलं हं. एकदम मस्त. शेवटी तर रडूच आलं."

"सगळं?"

"हो, सगळं."

"मधलं... पण?"

"मधलं पण, बाबा. एकेक पान. काय मेहनत घेतलीय तुम्ही!"

हे पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आनंदानं शब्द फुटत नाही. मग फोन माझ्याकडे दिला आणि चष्मा काढ म्हणून खूण केली.

१२ जुलै

१३८/८६! महिन्याभरातलं सगळ्यात चांगलं. पाच दिवस झाले, ह्यांनी तो प्रश्न विचारलेला नाही. मुलानं वाचलं, अजून काय हवं माणसाला? मला उगाच गावभर फोन करायला लावले. आधीच आल्हादला सांगायला हवं होतं.

फक्त जेवण कमी झालंय. दोन घास झाले की पुरे म्हणतात.

२२ जुलै

महाकाळाची पहिली सवारी. पालखीसाठी रस्ते बंद, पल्लवी आली नाही. ह्यांना तिसऱ्या प्रहरी एकटं पडून कंटाळा येतो, टीव्ही नको असतो. मी दिवाणाखालून एक प्रत ओढली आणि म्हटलं, चला, मी वाचून दाखवते. तुमचंच तुम्हाला.

खरं कारण वेगळं आहे. मला लाज वाटते आहे. अरविंदरावांना मनात शिव्या दिल्या, त्या माझ्याच अंगावर आल्यात.

पहिल्या प्रकरणात नुसती नदी आहे. नदी, धुकं, होडी, पुन्हा धुकं. तिसऱ्या पानावर मी एक परिच्छेद ओलांडला, कोणाला कळतंय. ह्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. मागे गेले, वाचला, तेव्हा बोट खाली आलं. पुढे अजून दोनदा तेच. सगळं पाठ आहे ह्यांना! मास्तर तो मास्तरच. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

प्र. १.

६ ऑगस्ट

प्र. १९ आणि २०. रोज वीस-बावीस पानं होतात. घसा दुखतो, पण आता नावं लक्षात राहायला लागलीत. बर्तोल हा नावाडी, म्हातारा. योनाक त्याचा मुलगा. गावात कुणाचा तरी घोडा चोरीला जातो आणि हा बर्तोल पंचांसमोर उभा राहून स्वतःच्या पोराविरुद्ध साक्ष देतो. पोरगा गाव सोडतो. पुढे कळतं की चोर दुसराच होता. सगळ्या गावाला कळतं, बर्तोललाही कळतं, तरी त्याच्या तोंडातून शब्द नाही. नुसती होडी वल्हवतो आपला.

मला हा बर्तोल आवडत नाही. वाचता वाचता ह्यांच्याकडे नजर गेली. डोळे मिटलेले होते. मी पुढे वाचत राहिले, थांबून बोलण्यासारखं काही नव्हतं आणि इतक्या वर्षांनी ते बोलून काय होणार.

२९ ऑगस्ट

प्र. ४९. खरं लिहायचं तर मी आता दुपारची वाट बघते. काल पल्लवीला पुढची गोष्ट सांगत बसले, तिनं हात जोडले.

आज न राहवून मोठ्यानं म्हटलं, "मेल्या, आता तरी जा आणि भेट पोराला!" मग ह्यांना विचारलं, "भेटतो का हो शेवटी?" हे माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. झटक्यानंतर डोळ्यांत पाणी फार येतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. थेंब घातले.

८ सप्टेंबर

१५८/९६. दीड दिवसाचा गणपती होता, आज बोळवला. आरतीला आम्ही दोघंच. ह्यांनी डाव्या हातानं टाळी म्हणून मांडीवर थाप दिली.

प्र. ६०. बर्तोलनं कोट धुऊन वाळत घातलाय. जाणार बहुतेक.

९ सप्टेंबर

१६४/९८. प्र. ६१ आणि ६३.

एकदाचा निघाला बर्तोल. अंधार पडताना होडी सोडतो, पलीकडच्या तीरावर योनाकच्या घरात दिवा दिसतो, तिथे प्रकरण संपतं. माझा जीव टांगणीला. पुढचं पान बघते तर वसंत ऋतू, बर्फ वितळलंय, बर्तोल आपल्या घरी जाळं विणत बसलाय. भेट झाली की नाही, एक अक्षर नाही. हे लेखक लोक असंच करतात, मुद्द्याचं असतं तेच आपल्यावर सोडून देतात. मोठ्या पुस्तकांची हीच खोड असावी.

मी वाचत होते तर ह्यांनी बोट वर केलं. म्हटलं, "नाही हो, आज एक ओळ गाळलेली नाही, शपथ." बोट खाली येईना. पान ह्यांच्यासमोर धरलं, बघा म्हटलं. बोट तसंच. मग सगळा हातच वर केला आणि तसाच धरून राहिले. पाणी हवं का, नको. दिवा लावू का, नको. हाताला रग लागेल म्हणून शेवटी मीच तो धरून खाली आणला, चादरीवर ठेवला, आणि उरलेलं प्रकरण वाचून संपवलं.

दमलेत. उद्या थोडं कमी वाचू.

१० सप्टेंबर

१७६/१०४. डॉक्टर येऊन गेले. आज वाचलं नाही.

१४ सप्टेंबर

पहाटे गेले. मी शेजारी होते.

बीपीचा रकाना मोकळा ठेवला आहे.

२० सप्टेंबर

आल्हाद आणि सूनबाई आलेत. घरात माणसं आहेत, डबे येताहेत, मला कुणी काही करू देत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. आजचं लिहिलंच पाहिजे.

सकाळी भय्यासाहेब भेटायला आले. आल्हाद बँकेत गेला होता. भय्यासाहेबांनी ह्यांच्या फोटोला हात जोडले, चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, सर पण एक नंबर जिद्दी माणूस. त्या बासष्टच्या वेळी मी किती समजावलं."

"कोणतं बासष्ट?"

"प्रकरण हो. एकसष्टनंतर सीधं त्रेसष्ट. मला वाटलं, तुमच्या लिहिण्यात नंबर चुकला. मी बोललो, सर, नंबर ठीक करून देतो, लोक म्हणतील प्रेसवाल्यानं पानं खाल्ली. सर बोलले, नाही, तसंच राहू द्या. जो वाचेल तो विचारेल." भय्यासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आम्ही काय, आम्ही नंबर पाहतो, वाचत थोडीच बसतो. दोन वर्षं मी वाट पाहतोय, आता कुणाची तरी कम्प्लेंट येईल. एक नाही आली. विचारलं का हो कुणी सरांना?"

मी नाही म्हटलं. ते गेल्यावर पुस्तक काढलं. पान नऊशे शहाऐंशी, एकसष्ट संपतं. पान नऊशे सत्त्याऐंशी, डोक्यावर त्रेसष्ट. मग कपाटातून माझी सुवाच्य प्रत काढली. तिथेही तेच. माझ्याच अक्षरात, एकाच कागदावर, वर एकसष्ट संपलंय आणि खाली मी नीट पट्टी लावून रेघ मारून त्रेसष्ट लिहिलंय. चौतीस वर्षं आकड्यात माझी एक चूक कुणी काढली नाही. मागची पानं उलटून ९ सप्टेंबर बघितला. तिथेही लिहून ठेवलंय मीच, प्र. ६१ आणि ६३.

ह्यांच्या टेबलाचा खालचा खण मी कधी उघडत नसे. आज उघडला. मूळ इंग्रजी पुस्तक, दोन शब्दकोश, आणि त्यांच्याखाली एक पाकीट. त्यावर प्रकाशनाच्या दिवशीची तारीख आणि तीन शब्द : जो विचारेल त्याला.

आत एकोणीस पानं, कोंबडीच्या पायांची. वर ६२.

वाचायला मला सगळी दुपार लागली. बर्तोल होडी बांधतो आणि योनाकच्या घराबाहेर उभा राहतो. आत योनाक बायको-मुलांबरोबर जेवतो आहे. दार ढकललं तर उघडेल, पण बर्तोल ढकलत नाही. बर्फात उभा राहून तो खिडकीशी बोलतो. मी तुझ्याविरुद्ध बोललो ते माझं पोर म्हणून मी तुला सोडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून. चूक कळली त्या दिवशी मी येणार होतो. मग एक दिवस गेला, मग एक वर्ष गेलं, आणि मग इतकी वर्षं झाली की नुसतं माफ कर म्हणायलाही लाज वाटायला लागली. अशी पानंच्या पानं. शेवटी आतला दिवा विझतो आणि हा परत होडीत बसतो.

चौदाव्या पानावर एका ओळीत योनाकच्या जागी 'आल्हाद' लिहिलंय. खोडलेलं नाही. मूळ इंग्रजीत ती ओळ शोधली, तिथे अर्थातच योनाक आहे. ह्यांच्या हातून चुकून लिहिलं गेलं की मुद्दाम, ते आता मला कधी कळणार नाही.

वर्गात ह्यांचा चाळीस वर्षं एकच नियम होता. ज्याला शंका असेल त्यानं हात वर करायचा. हात वर केल्याशिवाय ह्यांनी आयुष्यात कुणाला काही सांगितलं नाही. दोन वर्षं दीडशे माणसांत एक हात वर होतो का बघत बसले. सगळ्यात जास्त आल्हादचा. तोही झाला नाही, तेव्हा शेवटी स्वतःच हात वर केला आणि मी तो धरून खाली ठेवला. मला क्षमा नाही.

२३ सप्टेंबर

दहावा झाला. पितृपक्षामुळे रामघाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजी एका वेळी तीन घरांचं चालवत होते. कावळा लवकर शिवेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर सांगा मनातल्या मनात. आल्हाद हात जोडून पुटपुटला, "आईची काळजी घेईन." इच्छा कोणती ते मला माहीत होतं, पण बोलवत नव्हतं. बऱ्याच वेळानं शिवला. गर्दीत कुणाच्या पिंडाला आला आणि कुणाच्या पिंडाला शिवला कोण जाणे.

२६ सप्टेंबर

तेरावा झाला. अंबिकाताई आणि अरविंदराव दोघंही जेवून गेले. समाजातर्फे शोकसभा आहे, पुस्तकावर बोलणार आहेत.

पाकीट आल्हादला द्यायचं की नाही, सहा दिवस याच विचारात आहे. 'जो विचारेल त्याला' लिहिलंय, त्यानं तर विचारलेलं नाही. मग वाटलं, मी विचारायची संधी देऊन बघते. त्याला अजून एकदा हात वर करू देते.

रात्री जेवणं झाल्यावर सहज विचारावं तसं म्हटलं, "आल्हाद, तुला बाबांच्या पुस्तकातलं बासष्टावं प्रकरण आठवतं का रे?"

तो फोनवरून मान वर करून हसला. कसं हसला, अगदी लहानपणीसारखं. "हो गं. छान होतं ते. मला तर तेच सगळ्यात आवडलं."

२७ सप्टेंबर

संध्याकाळच्या गाडीनं ते दोघं पुण्याला गेले.

रिक्षा यायला दहा मिनिटं होती. मी पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "हे बाबांनी बाजूला काढून ठेवलं होतं. पुस्तकातलंच आहे, पण छापलेलं नाही. एकोणीस पानं आहेत."

त्यानं वरची ओळ वाचली. "काय अक्षर आहे बाबांचं," म्हणाला, आणि त्याचा आवाज जड झाला. खोटा नव्हता झाला, मी त्याची आई आहे, मला कळतं. त्याचं ह्यांच्यावर प्रेम होतं. "ओरिजनल तुझ्याकडेच राहू दे आई, प्रवासात खराब होईल. मी फोटो काढून घेतो. गाडीत आरामात वाचेन."

दिवाणावर कागद पसरून तो फोटो काढायला लागला. एक पान ठेवायचं, फोन वर धरायचा, टक्, दुसरं पान. मी उभी राहून मोजत होते, मोजायची सवय कुठे जाते. मग रिक्षावाल्याचा फोन आला, सूनबाईनं बॅगा उचलल्या, आणि आल्हादनं कागद गोळा करून नीट जुळवले आणि पाकिटात घातले. माझ्या पाया पडला.

"झाले का सगळे?" मी विचारलं.

"हो, सगळे," तो म्हणाला.

चौदाव्या पानाचं मी त्याला सांगू शकले असते, फाटकापर्यंत वेळ होता. पण सांगितलं असतं तर तिथेच ते पान काढून, एक ओळ बघून, वाचलं आई, असं म्हणाला असता. मग तो कधीतरी आपणहून वाचेल, एवढी आशाही माझ्याकडे उरली नसती. म्हणून नाही सांगितलं.

साडेनऊला त्याचा मेसेज आला. गाडी वेळेवर आहे, जेवण झालं. आणि खाली : आई, बाबांचं वाचलं सगळं. खूप सुंदर.

फोटो त्यानं सात काढले होते.

माझं बीपी १६०/९४.